अनामिकेला मनाई

कपाटाच्या खालच्या कप्प्यातले जोडे, बॅगा आणि जुन्या चादरी पलंगावर येऊन पडल्या, की घरच्यांनी ओळखायचं: आज चष्म्याच्या दुकानाला सुट्टी आहे आणि मालक कपाटात बसणार आहेत. बसणार म्हणजे खरोखरच बसणार. बुटकं स्टूल आत, त्यावर चष्मेवाले आत, पाठीला हिवाळी कोट, डोक्यावर बायकोच्या कपड्यांच्या बाह्या, आणि गिटारची मान तेवढी दाराबाहेर. मायक्रोफोन एका हँगरला टांगलेला. खोलीत रेकॉर्डिंग केलं तर गिटार न्हाणीघरात वाजतेय असं वाटे. कपाटात केलं तर कुणीतरी कानाशी बसून बोलतंय असं वाटे. तेव्हा कपाटच बरं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

सारा मोहल्ला त्यांना चष्मेवालेच म्हणे. काचा घासून घासून उजव्या हाताची नखं झिजू नयेत म्हणून ते दुकानात त्या बोटांना रबरी टोप्या घालून बसत. दर दुसरं गिऱ्हाईक विचारी, "अरे, लागलं का हाताला?" आणि चष्मेवाले खुशीत येऊन बोटांनी वाजवायच्या गिटारवर एक छोटं व्याख्यान देत. पट्टीने तारा खरवडायच्या नाहीत, अंगठ्याने जाड तारांवर चाल धरायची आणि बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर गाणं म्हणायचं, म्हणजे एकाच माणसात दोन माणसं वाजतात, वगैरे. गिऱ्हाईक बिचारं जवळचा नंबर तपासायला आलेलं असे.

"अहो, झालं का तुमचं कपाट? मला गणवेश हवाय," बायको बाहेरून म्हणाली. ती गाडी शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून तिचा आवाज असा तयार झाला होता, की नुसतं 'हळू' म्हटलं तरी रस्त्यावरची माणसं थांबत.

"रेकॉर्डिंग चालू आहे गं!"

"माझी नोकरीही चालू आहे."

तो प्रयत्न तिथेच संपला. 'गणवेश हवाय' हे शब्द गिटारहून स्पष्ट रेकॉर्ड झाले होते.

ही सगळी धडपड कशासाठी, तर मास्तर जाणार होते. मास्तर म्हणजे गिटारचे मास्तर. चष्मेवाले पंचविशीत असताना त्यांच्याकडे शिकायला गेले ते आता केस पिकले तरी दर आठवड्याला जातच होते. मास्तरांची लेक दूरच्या देशात राहायची. एकट्या म्हाताऱ्याने इथे राहणं आता तिला पटेना, आणि मास्तरही शेवटी हो म्हणाले होते. महिनाअखेरच्या रविवारी दुपारी सगळे जुने शिष्य त्यांच्या घरी जमणार होते. प्रत्येकाने काहीतरी वाजवायचं आणि निरोप घ्यायचा. परत भेट होईल असं कुणी म्हणत नव्हतं, कारण ती होणार नव्हती.

चष्मेवाल्यांनी आयुष्यात दुसऱ्यांच्या चाली पुष्कळ वाजवल्या. स्वतःची एकही केली नव्हती. ती आता करायची होती, आणि जन्मभर ज्यांचं वादन अंगात मुरलं, त्या सगळ्यांना तिच्यात आणायचं होतं. समोर बसून वाजवायची मात्र छाती नव्हती. मास्तर समोर आले, की इतक्या वर्षांनीही त्यांचे तळहात ओले होत आणि बोटं तारेवरून घसरत. म्हणून घरी रेकॉर्ड करायचं, रविवारी छोट्या स्पीकरवर लावायचं आणि आपण कोपऱ्यात उभं राहायचं, असा बेत होता.

चालीचे तीन भाग होते. पहिला मामाचा. मामा नाचघरातल्या बँडमध्ये वाजवायचा. सगळ्यात जाड तार एक पायरी खाली उतरवून ठेवायचा आणि अंगठ्याने अशी चाल धरायचा, की एखादा जाडा माणूस मजेत जिना उतरतोय असं वाटावं. पोटाला चीर गेलेली गिटार त्यानेच भाच्याला दिली होती. हा भाग चष्मेवाल्यांना एका बैठकीत सुचला.

तिसरा भाग मास्तरांचा. तो सावकाश, मोजक्या सुरांचा, मध्ये मध्ये श्वास घेणारा. तोही जमला.

घोडं अडलं होतं दुसऱ्या भागावर. चष्मेवाले पोरसवदा असताना त्यांच्या घराच्या भिंतीपलीकडे एक बाई राहायची. ती दिसली कधीच नाही. पण दुपारी गिटार वाजवायची, आणि ती वाजवायची ट्रेमोलो. म्हणजे एकाच तारेवर तीन बोटं एकामागून एक इतकी भराभर टाकायची, की सूर तुटतच नाही, पाण्याच्या धारेसारखा लांबत जातो. गिटार म्हणजे काय हे चष्मेवाल्यांना त्या भिंतीने सांगितलं होतं. ती बाई गाळून त्यांची चाल पुरी होणंच शक्य नव्हतं.

आणि ट्रेमोलोला लागते अनामिका. करंगळीशेजारचं बोट. मास्तरांच्या शिकवणीत नेमकी अनामिकेला मनाई होती.

अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, बस्स. उरलेली दोन तळहातात मुडपून ठेवायची, हा तिथला पहिला नियम. का, हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. त्यामुळे शिष्यांनीच कारणं शोधली होती. आता येणाऱ्यांतला सगळ्यात जुना शिष्य एका कारखान्यात हिशेबनीस होता. "तिसरं बोट आलं, की अहंकार येतो," असं तो नव्या मंडळींना गंभीरपणे सांगे. त्याच्या अंगात तर नियम इतका भिनला होता, की चहाचा कपही तो दोन बोटं मुडपून धरी आणि निम्मा चहा बशीत सांडे. एका पठ्ठ्याने वर्षभर रबरबँड लावून बोटं बांधून ठेवली होती. आमचं घराणंच वेगळं, असा सगळ्यांचा तोरा.

एकदा बँकेतला एक गृहस्थ नवीन आला आणि भर शिकवणीत त्याने हौसेने ट्रेमोलो वाजवून दाखवला. मास्तरांनी चार सूर ऐकले, "या झिणझिण्या इथे नकोत," म्हणाले, स्वतः उठून त्याची गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि पेटी त्याच्या हातात दिली. तो पुन्हा आला नाही. ते दृश्य चष्मेवाल्यांना राहून राहून आठवे. शेवटच्या भेटीत आपल्या हाती पेटी आली तर? त्यानंतर समजूत काढायला मास्तर इथे असणारही नव्हते.

"मग तो भाग काढून टाका," बायको म्हणाली.

"मग ती चाल खोटी होईल."

"मग ठेवा."

"मग मास्तर रागावतील."

"अहो, एक पाय ब्रेकवर आणि एक पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून गाडी कुठे जात नाही, नुसता धूर निघतो," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याला तुम्ही काय देणार आहात? तुमचं वाजवणं की त्याचा नियम? नियम त्याच्याकडे आहेच."

चष्मेवाल्यांनी गिटार उचलली. ते परत कपाटात जाऊन बसले.

पण इतकी वर्षं निजून राहिलेलं बोट असं सांगितल्याबरोबर थोडंच उठतं? अनामिका तारेपर्यंत पोचे, पण कधी उशिरा, कधी दोन तारांवर मिळून. लंगड्या घोड्यासारखी चाल पडे. चष्मेवाले दुकानात काउंटरवर बोटं आपटत बसले. गिऱ्हाइकांना वाटलं, आपण वेळ लावतोय म्हणून हे वैतागलेत, आणि लोक पटापट फ्रेम पसंत करू लागले. धंदा त्या पंधरवड्यात बरा झाला.

घरात मात्र हाल होते. फ्रीजची घरघर माइकमध्ये येते म्हणून त्यांनी एका दुपारी तो बंद केला आणि चालू करायचं विसरले. आइस्क्रीम वितळून दाराखालून बाहेर आलं आणि त्यात आईची चप्पल चिकटली.

"हे काय नवीन?" आई एका पायावर उभी राहून म्हणाली.

"कला आहे, आई," सूनबाई म्हणाल्या. "पुसायला फडकं घेऊन तुमचा मुलगा येतोच आहे."

आई ऐंशीच्या घरात होती, कान तिखट आणि जीभ त्याहून. मुलगा कपाटात का बसतो हे तिने एकदा विचारलं होतं. उत्तर फार लांब निघालं, म्हणून पुन्हा विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी दुकान लवकर बंद करून चष्मेवाले आत बसले. बायको गाडी शिकवायला गेली होती, आई झोपली होती, फ्रीज बंद होता आणि या खेपेला त्याच्या दारावर 'चालू करणे' अशी चिठ्ठी लावली होती. त्यांनी डोळे मिटले. बोटांकडे लक्षच दिलं नाही, फक्त ती भिंत आठवली आणि वाजवायला सुरुवात केली. पहिल्यांदा सूर अडखळले. मग एकदम काय झालं कोण जाणे, तीन बोटांची एक धार झाली, सूर सुटला आणि लांबत गेला, आणि चष्मेवाल्यांच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात कपाटाच्या दारावर धाडधाड आवाज झाला.

"बंद करा ते! झोपू द्या माणसांना!"

दार उघडून बघतात तो समोर आई. केस विस्कटलेले, डोळे अर्धवट मिटलेले आणि हातात झाडूचा दांडा. मुलाला बघून ती गोंधळली. दांड्याकडे बघून आणखी गोंधळली.

"अगं, मी आहे," चष्मेवाले म्हणाले.

"तू होय? मला वाटलं, ती भिंतीपलीकडची आहे," आई म्हणाली. "दुपारी डोळा लागला की सुरू व्हायची बया! मी दांडा आपटायची, तेव्हा कुठे थांबायची."

चष्मेवाले कपाटातून जे उठले, ते हँगर डोक्यावर घेऊनच. त्यांनी आईला मिठी मारली. "आई, तुला खरंच तीच वाटली? हुबेहूब?"

"तसाच पिरपिर आवाज," आई म्हणाली. "सोड मला. वेडा झालास का?"

याहून मोठी पावती मिळणं शक्य नव्हतं. दांड्याच्या आवाजापर्यंतचं सगळं रेकॉर्डिंग स्वच्छ आलं होतं. उरलेले चार सूर त्यांनी दुसऱ्या दिवशी जोडले, तिन्ही भाग एकापुढे एक लावले आणि बायकोला ऐकवले. ती गणवेशातच उभी राहून ऐकत होती. संपल्यावर तिने त्यांचा खांदा दाबला. आणि मग म्हणाली, "आता मागे बघू नका. सरळ चला."

रविवारी मास्तरांच्या खोलीत खोकी रचलेली होती आणि गालिचा गुंडाळून भिंतीला उभा केला होता. शिष्य मंडळी खोक्यांवरच बसली. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांची लेक आतल्या खोलीत शेवटची बॅग भरत होती. एकेकाने वाजवलं. हिशेबनीसाने मास्तरांनीच बसवलेली जुनी चाल वाजवली, दोन बोटं कडक मुडपून. मास्तरांनी मान डोलावली.

चष्मेवाल्यांनी स्पीकर खोक्यावर ठेवला. "मी... मला समोर जमत नाही. घरी वाजवून आणलंय," ते म्हणाले आणि बटण दाबून कोपऱ्यात गेले.

मामा जिना उतरू लागला. मास्तर हसले. त्यांचा पाय ठेका धरू लागला. मग मामा हळूहळू थांबला आणि भिंतीपलीकडून ती धार सुरू झाली.

मास्तरांचा पाय थांबला. हिशेबनीसाने चष्मेवाल्यांकडे असं पाहिलं, जणू यांनी भर सभेत चोरी केली आहे.

"बंद कर," मास्तर म्हणाले.

चष्मेवाल्यांनी बंद केलं.

"कोण वाजवतंय हे?"

"मीच, मास्तर."

"अनामिका लावून?"

"हो." आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "माझ्या लहानपणी भिंतीपलीकडे एक बाई हे वाजवायची. तिच्यामुळे मी तुमच्याकडे आलो. तिला गाळून तुम्हाला निरोप देणं मला जमेना. तुम्ही रागावणार हे माहीत होतं."

मास्तरांनी हिशेबनीसाच्या मांडीवरची गिटार उचलून पुढे केली. "ऐकलं. आता बघायचंय."

तळहात नेहमीसारखे ओले झाले. चष्मेवाल्यांनी ते पँटला पुसले, खोक्यावर बसले आणि सुरुवात केली. धार दोनदा तुटली. तिसऱ्यांदा धरली आणि टिकली. मास्तर खुर्ची ओढून इतके जवळ आले, की त्यांचा चष्मा गिटारला टेकायच्या बेतात आला. तो चष्मा चष्मेवाल्यांनीच केला होता. मास्तरांचा डावा कान उजव्याहून जरा खाली आहे, नाकाचं हाड कुठे वळतं, हे सगळं त्यांना पाठ होतं.

"थांब," मास्तर म्हणाले. त्यांनी आपला उजवा हात पुढे धरला आणि बोटं उघडली. चार उघडली. अनामिका मधल्या पेरात वाकली ती वाकलेलीच राहिली. त्यांनी डाव्या हाताने ती सरळ करून पाहिली. ती हलली नाही.

"तरुणपणी खिडकीची काच फुटली आणि हात आरपार गेला," ते म्हणाले. "बाकीचं भरून आलं. हे राहिलं. त्याआधी मी हेच वाजवायचो, दिवसभर हेच. मग दोन बोटांनी वाजवायला शिकलो. पहिला शिष्य आला, त्याने माझा हात बघून आपलं बोट मुडपलं. मला सांगायची लाज वाटली. वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्याने पहिल्याचं बघितलं. हिशेबनीस आला तोवर नियम झाला होता. आणि तो बँकेतला माणूस... त्याचं ऐकवेना रे मला. त्याला मी विनाकारण घालवलं."

एवढ्या वर्षांत कुणी त्या हाताकडे नीट पाहिलंच नव्हतं. सगळ्यांनी आपापली बोटं मुडपली होती आणि काम झालं होतं. हिशेबनीस स्वतःच्या अनामिकेकडे, लग्नात हरवलेलं पोर सापडावं तसा बघत होता.

"म्हणजे मास्तर," तो शेवटी म्हणाला, "ते अहंकाराचं?"

"कसला अहंकार?"

हिशेबनीस एकदम भिंतीशी उभा केलेला गालिचा नीट करायला लागला. पण रबरबँडवाल्याला हसू आवरेना, आणि मग सगळी खोलीच हसू लागली, मास्तरही, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आतून लेक बघायला आली, काय झालं म्हणून.

"आता पुढचं ऐकव," मास्तर म्हणाले. "माझं असेल ना त्यात काही?"

चष्मेवाल्यांनी स्पीकर लावला. तिसरा भाग सुरू झाला. अंगठा, एक बोट, मधलं बोट. सूर येई, दुसरा येई, तिसऱ्याच्या जागी नुसता श्वास, आणि मग अंगठा खालून फिरून तो सूर उशिराने घेऊन येई. संपल्यावर मास्तर जरा नाराजीनेच म्हणाले, "इथे का मुडपलंस परत? एवढं चांगलं बोट तयार केलंस आणि माझ्या वेळी घरी बसवलंस?"

"लावून बघितलं होतं, मास्तर. सूर वेळेवर येतो," चष्मेवाले म्हणाले. "पण मग ते तुम्ही नसता. तुमच्या त्या उशिरासाठी तर मी दर आठवड्याला येत होतो. मला ते फार आवडतं. आधी कधी सांगितलं नाही."

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. चष्मेवाल्यांनी सवयीने खिशातलं मऊ फडकं पुढे केलं.

"तो उशीर कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी जन्मभर झटलो," मास्तर म्हणाले. ते हसत होते. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एकदम दरडावलं, "बघत काय बसलात? घ्या गिटारी! उघडा बोटं!"

सगळ्यांनी गिटारी घेतल्या. म्हाताऱ्या, जाड्या, टकल्या शिष्यांनी जन्मात पहिल्यांदा अनामिका तारेवर ठेवली आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा कल्लोळ सुरू झाला. मास्तर खोक्यांमधून वाट काढत एकेकाजवळ जाऊन सांगू लागले, मनगट उचल, खांदा पाड, घाई नको.

"बाबा," लेक दारातून ओरडली, "गाडी आलीये खाली!"

"थांबायला सांग. आज पहिला दिवस आहे यांचा," मास्तर म्हणाले. ते हिशेबनीसासमोर गुडघ्यावर बसले होते. आपल्या वाकलेल्या बोटाच्या हातात त्यांनी त्याची अनामिका धरली होती आणि ती हळूहळू तारेपर्यंत नेत होते.